बुडाला भोक नसलेला टोप

मी अंगणातला निळा टोप बोलतोय. इनॅमलचा, काठाचे टवके उडालेला. या होंडुरासच्या डोंगरगावात नाताळ आला की मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानांत बांधलेले तमाल माझ्यात रटरटायचे आणि वासाने अख्खी गल्ली दारात जमायची.

मला ओर्तेन्सियाच्या आईने बाजारातून आणलं. ओर्तेन्सियाला मी रांगताना पाहिलंय, म्हणून तिला अगंतुगं करतो. माझा मुलामा सुटून अन्नात पडायला लागला, तेव्हा आईची आठवण म्हणून तिने मला मोडीत घातलं नाही. माती भरून अंगणात ठेवलं.

बाईला बागकाम येत नव्हतं असं मुळीच नाही. टोमॅटोचं बी ऐन पावसात टाकलं तर पानं करपतात, पाऊस सरता सरता, वाढत्या चंद्रावर टाकायचं, हे तिला पक्कं ठाऊक. किडीसाठी चुलीतली राख, खताला कॉफीचा चोथा. सगळं बरोबर. फक्त पाणी घालायची ते सकाळ-संध्याकाळ, बादलीने. माझ्या बुडाला भोक नाही. ते पाणी जाणार कुठे? माझ्या पोटात चिखल साचला, मुळं कुजली, पानं पिवळी पडली. पिवळी पानं दिसली की ती आणखी पाणी ओतायची.

त्याच वर्षी तिच्या मुलाने, रेनानने, नोएमीला लग्न करून आणलं. पोरीने आल्या आल्या माझ्या मातीत बोट खुपसलं.

"आई, वरून कोरडी दिसते, पण आत नुसता गारा झालाय. खिळ्याने बुडाला दोन-चार भोकं पाडू या का?"

"खिळा? माझ्या आईच्या टोपाला? काल आलीस नि आज मला शिकवतेस होय गं?"

मला विचारलं असतं तर मी हसत खिळा सोसला असता. पण टोपाला कोण विचारतं!

मग नोएमीला दिवस गेले, आणि ओर्तेन्सियाला कारण आयतंच सापडलं. इथे मानतात की पोटुशी बाईची नजर उष्ण असते, कोवळं रोप तिने जळतं. नोएमीला अंगण बंद झालं. बिचारी कपडे वाळत घालायलासुद्धा मान खाली घालून यायची. तरी माझ्यातली रोपं मेलीच.

"लपून बघते ही! उद्या माझं घर जाळेल!" ओर्तेन्सिया शेजारणींना ऐकू जाईल अशी ओरडली.

"मी मान वर केली नाही, देवाशपथ! रेनान, तू तरी बोल ना!"

रेनान बुटाची नाडी बांधत राहिला. शेवटी म्हणाला, "बाळंतपणाला माहेरी जा. आईचं डोकं शांत झालं की आणतो."

तिला मुलगी झाली. ती पोर तिकडेच चालायला लागली म्हणे. आणायला कुणी गेलं नाही. मला याचा संताप येतो, अजून येतो.

दरम्यान गंजाने माझं बूड खाल्लं. भोकं आपोआप पडली, पाणी वाहून जायला लागलं, आणि यंदा टोमॅटो असे लगडले की काठ्या लावाव्या लागल्या.

"बघा," ओर्तेन्सिया शेजारणींना सांगते, "ती गेली नि झाडाला कसा जीव आला!"

तुमच्याकडे रोप पिवळं पडलं, तर बाबांनो, घरातल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी भांडं उचलून बूड बघा.

गेल्या रविवारी रेनानने मला उन्हात सरकवायला उचललं. त्याच्या पायांवर पाणी ठिबकलं. त्याने मला तिरकं करून खाली पाहिलं. गंजलेल्या भोकात बोट घातलं, ओली माती चाचपली. त्याला कळलं होतं. मला वाटलं, आता हा आईला हाक मारणार, आता हा नोएमीला आणायला बस पकडणार.

"काय रे, काय बघतोयस?" आतून ओर्तेन्सियाने विचारलं.

"काही नाही."

त्याने मला उन्हात ठेवलं, बोट विजारीला पुसलं आणि एक लालभडक टोमॅटो तोडला.

"आई, मीठ कुठंय गं?"