पेरलेला ठिपका

जवळ सरका, अजून थोडं — हा ठिपका लांबून दिसायचा नाही, आणि त्याच्याविना गोष्ट सांगता यायची नाही… तिळाएवढा, एका दीर्घिकेच्या कडेला. महिन्यापूर्वीच्या चित्रात नाही, कालच्या चित्रात आहे. वेधशाळेतल्या बेरिलनं चष्मा पुसला. ठिपका तिथंच.

दोन मेलेले तारे कुठंतरी एकमेकांवर कोसळले, अवकाश थरथरलं, यंत्रांनी ती थरथर टिपली — आणि आता तिच्यासोबतचा उजेड शोधायचा. ऑस्ट्रेलियातल्या कूनाबाराब्रनच्या डोंगरावरून दुर्बिणीनं काढलेली चित्रं सकाळी बेरिलनं निवडायची, तांदळातले खडे निवडावेत तशी. हा खरा असेल तर उद्यापर्यंत विझेल. आत्ताच कळवलं तर मोठ्या दुर्बिणी तिकडे वळतील. खरा असेल तर… कारण तिचा वरिष्ठ लॅकलन चित्रांत फसवे ठिपके पेरतो, निवडणाऱ्याची नजर पारखायला. कुठं पेरले ते बंद पाकिटात. शुक्रवारी फोडायचं, तोवर विचारायचं नाही. जूनमध्ये ती एकदा फसली होती. पुन्हा फसली की ही खुर्ची गेली, निवडणं यंत्राकडे.

“काय गं म्हातारे, सापडलं काही?” लॅकलननं लॅमिंग्टन केकची बशी पुढे ठेवली.

“तुझी लाज शोधतेय. कुठं दिसत नाही.”

“दिसली तर मलाही दाखव!” तो हसला, पण पडद्याकडे पाहिलं नाही — का नाही पाहिलं? आणि केक? जूनमध्ये, त्याच दिवशी, असाच केक…

ऊना असती तर गुणगुणत बसली असती, रविवारी चर्चमध्ये गायची तेच. बेरिलच्या आधी ही खुर्ची तिची. निवृत्तीच्या दिवशी हळूच म्हणाली होती, “एका ठिपक्याला मी धूळ म्हणून टाकून दिलं, गं. दहा दिवसांनी दुसऱ्या कुणी त्याला तारा म्हटलं. चुकले, त्याचं काही नाही. पण तो इतक्या लांबून आला, आणि मी दार उघडलं नाही…”

बेरिलनं बशी दूर सारली. सकाळपासून ती लॅकलनचाच चेहरा वाचत होती. ठिपका तिनं पाहिलाच कुठं होता? निळसर. शेजारच्या ताऱ्यांसारखीच मऊ कड, खऱ्या उजेडाची असते तशी. पेरणाऱ्यालाही हे जमेलच म्हणा… शंका गेली नाही. फक्त आता ती तिला स्वतःच्याच मनाला घातलेल्या कडीकुलपाची यायला लागली. बोट ‘कळवा’च्या बटणावर टेकलेलं.

बापहो, दाराशी कुणी आलं आणि तुमचं मन किंतु घेऊ लागलं, तर त्या ऊनाची एकदा आठवण काढा.