तिखट बोटांचा कॅट

पत्त्याची रुंदी सात सेंटिमीटर भरली, चेतनाच्या तळहाताची सहा पूर्णांक आठ. फरक दोन मिलिमीटरचा, पण पिसताना दर चौथ्या-पाचव्या वेळी एखादा पत्ता तिच्या अंगठ्याजवळून निसटून सतरंजीवर पडत होता.

"हा कॅट तुझ्या हाताचा नाही," मी म्हटलं.

"कॅट नाही, डेक. टॅरोचा डेक."

चेतना माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोन घरं सोडून राहते, पार्लर चालवते. भुवया कोरून घेताना बायका तिला नाहीतरी सगळं सांगतात, म्हणून ती फोनवर टॅरो शिकली. आता तिने चार डेक मागवले होते. एक ठेवायचा, तीन उद्या परत. अट एकच, पत्त्यांवर डाग नको.

"जो आपल्याशी बोलतो तो आपला," ती म्हणाली. पत्ते हातात असले की ती पुस्तकी मराठी बोलते.

"बोलतो हे मोजायचं कसं?"

"म्हणून तर तुझ्याकडे आणले."

मी पद्धत ठरवली. चारही कॅटना एकच प्रश्न, प्रत्येकी दहा वेळा. पत्ता सरळ आला तर हो, उलटा आला तर नाही. ज्याची उत्तरं सगळ्यांत कमी फिरतील तो चेतनाचा. यात शास्त्र काही नाही, हे तिला आधीच सांगितलं. तरी वही आखली.

"प्रश्न तुझाच घेऊ," चेतना म्हणाली. "काठीला जाऊ की नको."

मी नंदुरबारात मिरची तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. ओलावा किती, रंग किती, एवढंच दिवसभर. सातपुड्यातल्या काठी गावच्या निवासी शाळेचे रायसिंग सर आठ महिन्यांपासून विचारत होते, प्रयोगशाळेची खोली बांधून झाली आहे, इथेच राहून शिकवायला याल का. मी दर वेळी कळवते म्हणायचे. काल तिसऱ्यांदा फोन आला. रविवारी पाचपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतो. आज रविवार होता आणि तीन वाजले होते. घरात मी आणि आई दोघीच. आईला विचारलं की ती म्हणायची, "तुन्ही मरजी." या दोन शब्दांतून मला काहीच काढता येत नव्हतं.

आई दारासमोर अंगणात वर्षभराची मिरची निवडत बसली होती. चांगली टोपलीत, पांढरी पडलेली फटकी बाजूला. तिने वीस वर्षं मिरची वाळवायच्या पथारीवर निवडणाऱ्या बायकांवर देखरेख केली आहे.

पहिला कॅट झाला. दुसरा, सोनेरी कडांचा, फार गुळगुळीत होता. तिसऱ्याला शाईचा वास येत होता. मधूनमधून एखादा पत्ता मी बाद करत होते.

"पंख्याने हलला. पुन्हा काढ."

"मॅडम, पंखा बंद शे," चेतना म्हणाली.

"मग नीट पिसला नव्हतास."

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "रुपा, तू काय करी ऱ्हायनी?"

"चेतनाले कॅट निवडी देस."

"नही जावाना पत्ता निंघना का तू फेकी देस. जावाना निंघना का लगेच वहीमा लिखी लेस."

"असं काही नाही," मी म्हटलं आणि वही पाहिली.

तीस वेळा काढून झालं होतं. खोडलेल्या नोंदी नऊ. दोन पत्ते चिकटले, पंखा, पत्ता कोपऱ्यावर पडला, अशी कारणं माझ्याच अक्षरात. नऊच्या नऊ नोंदी उलट्या पत्त्यांच्या. मिरचीच्या नमुन्यांत हे केलं असतं तर मला लॅबमधून त्याच दिवशी काढलं असतं.

आई उठून आत आली. चौथा कॅट अजून कुणी हाताळला नव्हता. जाड, खरबरीत कागद, इतरांपेक्षा अरुंद पत्ते. तिने मूठभर उचलले, मिरची दाबून बघतात तसे दाबले, कानाशी नेऊन कडा सोडल्या.

"हाऊ चांगला शे," ती म्हणाली.

वरच्या पत्त्यावरच्या राणीच्या कपाळावर तिच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. खालच्या सहा-सात पत्त्यांवरही.

"मावशी, काय करं हाई तुम्ही," चेतनाची पुस्तकी मराठी तिथे संपली. "आते हाऊ परत जावाव नही."

"मंग राहू दे. तुन्हा हातमा बसस."

चेतनाने तोंड वाकडं करून पत्ते पिसले. एकही पडला नाही. तिने पुन्हा पिसले, मग तिसऱ्यांदा, आणि बाकीचे तीन कॅट खोक्यात भरू लागली.

मी ठसे उमटलेले पत्ते बोटांनी पुसून पाहिले, आणि त्याच हाताने डोळा चोळला.

"रडी ऱ्हायनी का?" आई.

"तिखट गयं डोळामा."

तिने पदराच्या कोरड्या टोकाने माझा डोळा टिपला. तिखट तिच्या पदरालाही होतंच, पण कमी. "घर मी दखसू," ती म्हणाली. "मन्हासाठे थांबी ऱ्हायनी व्हशी, ते थांबू नको. आते सांग."

एका डोळ्याने दिसत होतं तेवढ्यात मी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

"माय," मी म्हटलं, "मी काठीले जासू."