माझ्या पाठीवरचा पंजा

मी लेथ बोलतोय. लोखंड कातणारा, शंभरी उलटलेला, कालव्याकाठच्या पोर्ट फुआद गावातल्या एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला लेथ. आमच्या जातीला घरघर करायची सवय, बडबडीची नाही. पण हल्ली ज्याला त्याला माझ्याविषयी बोलायचं असतं, आणि तेही चुकीचं. म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

जन्म विलायतेतला. जहाजातून इथे आलो तो कालव्याच्या कामासाठी. गाळ उपसणाऱ्या बोटींचे दांडे मी कातायचो आणि साहेब लोक शेजारी उभे राहून चहा प्यायचे. पुढे कालवा देशाचा झाला, साहेब लोक बॅगा उचलून घरी गेले. जाताना त्यांनी टाइपरायटर नेले, पडदे नेले, एकाने तर पोपट नेला. मला न्यायचं कुणाला सुचलं नाही. वजनदार माणसांची सर्वांना आठवण राहते, वजनदार वस्तूंची नाही.

मग मला उस्ता अब्दुल दायम यांनी आपल्या कारखान्यासाठी घेतलं. उस्ता म्हणजे ज्याच्या हातात कसब आहे असा कारागीर. इथे रिक्षावाल्यालाही लोक तोंडदेखलं उस्ता म्हणतात, पण अब्दुल दायम खरे उस्ता होते. कातलेला दांडा ते मापाआधी अंगठ्याने तपासायचे, आणि माप नंतर अंगठ्याच्याच बाजूने साक्ष द्यायचं.

लढाईच्या दिवसांत गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. लोकांनी गाद्या नेल्या, कोंबड्या नेल्या. उस्तांनी मला ग्रीसने लिंपलं, वर घोंगडी टाकली आणि रडत रडत दार ओढून घेतलं. काही वर्षांनी ते परतले तेव्हा छप्पर माझ्या अंगावर होतं आणि पाठ खरचटलेली होती. पाठ म्हणजे माझा बेड, ज्याच्यावरून कापणारं हत्यार सरकतं त्या लांब पट्ट्या. ती सपाट नसेल तर मी लेथ नाही, नुसतं बाकडं.

ती पाठ उस्तांनी हाताने खरवडून सरळ केली. सपाट पाटीला निळा रंग लावायचा, ती बेडवर फिरवायची, निळं जिथे लागेल ती जागा उंच. तिथून स्क्रेपरने केसाएवढं लोखंड काढायचं. परत पाटी, परत स्क्रेपर. सगळा हिवाळा त्यात गेला. मुलगा रिफअत तेव्हा फौजेत होता, म्हणून मदतीला मोठी मुलगी होती, कौसर. निम्मी पाठ तिने खरवडली. उस्तांनी ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. मुलीचे हात काळे असतात हे कळलं तर सोयरिकी येणार नाहीत, असं त्यांना वाटे. मुलीला वाटायचं, बाबांनी एकदा तरी चारचौघांत सांगावं. त्यांनी सांगितलं नाही. ती शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, आणि रिफअतला आजतागायत वाटतं की अब्लाला फक्त खडू धरता येतो.

अब्ला म्हणजे थोरली बहीण. शाळेतल्या बाईंनाही इथे अब्लाच म्हणतात. कौसर दोन्ही होती, त्यामुळे रिफअतला लहानपणापासून सुटका नव्हती.

रिफअत लागला जकात कचेरीत. परदेशातून तयार सुटे भाग पेट्या भरभरून यायचे, त्यांवर हा शिक्के मारायचा, आणि तेच भाग स्वस्तात मिळू लागल्यावर बापाच्या कारखान्यात कुणी फिरकेना. मुलाने बापाचा धंदा शिक्का मारून बुडवला, तोही सरकारी शाईने. उस्ता वारले. मी शेडमध्ये आलो आणि माझ्यावर लोणच्याच्या बरण्या, पंखा आणि रिफअतच्या लग्नातली गुंडाळलेली सतरंजी बसली.

मग रिफअत निवृत्त झाला. निवृत्त माणूस घरात बसला की दोनच गोष्टी धोक्यात येतात, बायको आणि जुन्या वस्तू. त्याने निळा डगला शिवून घेतला, आरशात पाहिलं आणि जाहीर केलं की मला नवजीवन द्यायचं. नवजीवन हा शब्द ऐकला की लोखंडानेही थरथर कापावं.

माझे अवयव घरभर झाले. गिअर रॉकेलमध्ये भिजले ते त्याची बायको इन्शिराह हिच्या मोठ्या पातेल्यात. चक, म्हणजे दांडा घट्ट धरणारा माझा जबडा, दिवाणखान्यात, सोनेरी खुर्चीवर. त्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक लग्नापासून निघालेलं नाही, तिच्यावर आजवर माणूस बसलेला नाही, पण माझा चक बसला. इन्शिराह एक दिवस दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "अहो, या पातेल्यात माझी मुलुखियाची पातळ भाजी व्हायची. आता पाहुण्यांना काय वाढू, ग्रीस?" रिफअतने तिला पोरकट म्हटलं आणि दुसरं पातेलं मागितलं.

कौसर दर शुक्रवारी यायची. वडिलांच्या वाटणीत भावाला दोन हिस्से, बहिणीला एक, या हिशेबाने माझा तिसरा भाग तिचा. नेमका कोणता ते कुणी ठरवलेलं नाही. ती पिशवी छातीशी धरून माझ्या सांडलेल्या अवयवांकडे बघायची आणि तिचे ओठ आवळत जायचे. शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"रिफअत, याला भंगारवाल्याला दे. बाबांची अशी विटंबना मला रोज बघवत नाही."

"अब्ला, मी याच्यावर काम करून दाखवणार."

"तुझा हात शिक्क्याचा. शिक्का वाकडा पडला तरी चालतो."

हे त्याला झोंबलं. मग असं ठरलं की बकरी ईदनंतरच्या शुक्रवारी रिफअतने माझ्यावर हातभर दांडा कातायचा. सरळ निघाला तर अब्लाने आपला हिस्सा सोडायचा. वाकडा निघाला तर गल्लीत ओरडत फिरणारा भंगारवाला मला घेऊन जाईल आणि मी कुठल्या तरी भट्टीत वितळून इमारतीच्या सळ्या होईन. माझं मत कुणी विचारलं नाही. मी फक्त ज्याच्यावर पैज लागली तो.

खरं सांगतो, रिफअतने मन लावून काम केलं. ईदच्या आदल्या दिवशी मी जोडून उभा होतो, मोटर गुरगुरत होती आणि पाठ इतकी स्वच्छ होती की बापलेकीने खरवडलेल्या बारीक चंद्रकोरी मोजून घ्याव्यात. त्या चंद्रकोरींत तेल टिकतं. रिफअत त्यांच्यावरून बोटं फिरवत म्हणाला, "बाबा." एवढंच म्हणाला, आणि त्या क्षणी मला तो आवडला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते आवडणं धुऊन काढलं.

इथे नवी गाडी घेतली, नवं दुकान उघडलं की बळीच्या रक्तात तळवा बुडवून त्यावर पंजा उमटवतात. नजर लागत नाही म्हणे. ईदचा बकरा कापला, आणि रिफअत ओला हात हवेत धरून शेडकडे निघाला. इन्शिराह म्हणाली, "दाराला लावा हो. नजर आधी दाराशीच येते." शहाणी बाई. पण नजर लागणार ती माझ्या देखणेपणाला, असं त्याचं म्हणणं. त्याने माझ्या नागड्या, कोरड्या, चकचकीत पाठीवर पाची बोटांचा पंजा दाबला, डोळे मिटून दुआ म्हटली, वर चादर टाकली आणि फत्ता खायला गेला.

रक्तात मीठ असतं. समुद्राच्या हवेतही असतं. दोन दिवस घरात फत्त्याचा भात, पाव आणि मटण चाललं होतं आणि चादरीखाली मला खाणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी चादर उचलली तर पंजा तिथेच होता, फक्त आता गंजाचा होता आणि आत उतरलेला.

रिफअतच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवार दुसऱ्या दिवशी. जरा तेल लावून धीराने चोळला असता तर गंज निघाला असता, डाग राहिला असता, एवढंच. पण डाग अब्ला बघेल ना. तो बाजारात गेला आणि हातात धरून चालवायचं घासायचं यंत्र घेऊन आला. मला त्या यंत्राचं नावही घ्यायचं नाही. दुपारभर त्याने पंज्यावर ते फिरवलं. पंजा गेला. त्याच्याबरोबर चंद्रकोरीही गेल्या आणि चकाजवळ, नेमक्या कामाच्या जागी, मला खळगा पडला. डोळ्यांना न दिसणारा, पण हत्यार तिथे आलं की खाली बसणारच. ती जागा मात्र आरशासारखी चमकत होती. रिफअतने तिच्यात बघून मिशी सारखी केली.

शुक्रवारी कौसर आली. पिशवीतून तिने वडिलांचं मापाचं यंत्र काढलं. रिफअतने दांडा बसवला, डगल्याची बटणं लावली आणि मला चालू केलं. छिलके चांगले निघाले, आवाज चांगला झाला, आणि खळग्याशी हत्यार खाली बसलं. दांड्याला मध्येच पोट सुटलं. मालकाच्या पोटापेक्षा फार लहान, पण मापाला पुरेसं.

कौसरने दांडा हातात घेतला. मापाआधी अंगठा फिरवला आणि पोटाशी अंगठा थांबला. मग माप लावलं, एकदा, दोनदा, ठिकठिकाणी. तिला सगळं कळलं. तिने माझ्या चमकत्या जागेवर हात ठेवला, आणि तिथून सरकत सरकत टोकाकडे नेला, जिथे चंद्रकोरी अजून होत्या. त्यातल्या तिच्या कुठल्या आणि बाबांच्या कुठल्या हे तिला आणि मलाच माहीत. तिचा हात तिथे बराच वेळ राहिला. रिफअत शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा होता. साठीचा माणूस, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत एवढीच आशा की एकदा कुणी तरी म्हणावं, तू उस्तांचा मुलगा शोभतोस.

मला वाटलं, संपलं. ही बाई आयुष्यभर चुकीला चूक म्हणत आली आहे.

"सरळ आहे," कौसर म्हणाली.

शेडच्या दारात इन्शिराहने जीभ हलवून असा आनंदाचा सूर लावला की गल्लीतली मांजरं पळाली. रिफअत चक्क रडला. माझं अख्खं आयुष्य केसाचाही फरक न लपवण्यात गेलं, आणि मी वाचलो तो कौसर धडधडीत खोटं बोलली म्हणून. जगाचा न्याय असा आहे, मी फक्त कळवतो. थोड्या वेळाने भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला, तेव्हा कौसरने ते घासायचं यंत्र उचलून त्याच्या गाडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे ने. आणि परत आणून विकू नकोस."

आता माझी हालहवाल विचाराल तर मजेत आहे. रिफअतने नातलगांत दांडे वाटले. पोट सुटलेले दांडे पडद्यांना लागले, झाडूंना लागले, एका मेहुण्याने तर भिंतीवर टांगला. कॉफीहाउसात लोक त्याला उस्ता म्हणतात आणि त्याची मान ताठ होते.

शुक्रवारी दुपारी तो न्हाऊन, अत्तर लावून मशिदीत जातो. तो कोपऱ्यावरून वळला की कौसर शेडमध्ये येते. इन्शिराह तिला चहा देते आणि दाराशी उभी राहून गल्लीवर नजर ठेवते. कौसर पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्क्रेपर काढते, पाटीला निळं लावते आणि माझ्या पाठीवर वाकते. पडलेला खळगा भरता येत नाही. आजूबाजूचं सगळं त्याच्या पातळीला आणावं लागतं, केस केस करून. फार मोठं काम आहे. सोबतीला बाप नाही, आणि तिचा हात आता लवकर थकतो. थकला की ती थांबते, बाहीने डोळे पुसते आणि पुन्हा कामाला लागते.

मागच्या महिन्यात रिफअतने नवा दांडा मापला आणि बहिणीला दाखवला. "अब्ला, बघ. हात बसायला लागला माझा."

"बसणारच," ती म्हणाली. "बाबांचा हात आहे." आणि आपली निळी झालेली नखं तिने पिशवीमागे लपवली.

तेव्हा वाचकहो, कधी पोर्ट फुआदला आलात तर रिफअतच्या दांड्याचं तोंडभर कौतुक करा आणि यातलं अवाक्षर बोलू नका. माझं स्वतःसाठी काही मागणं नाही. पाठीचं निम्मं काम अजून बाकी आहे आणि बाईचा हात पूर्वीसारखा भरभर चालत नाही. म्हणून दर शुक्रवारी मी एवढीच दुआ करतो, की इमामसाहेबांचं प्रवचन आजही लांबू दे.