कपाळावरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे, एवढे मला नक्की माहीत आहे. बाकीच्या गोष्टींबद्दल अलीकडे माझा जरा गोंधळ उडतो. सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी घरात राहत नाही. अंगणात, घरापासून साठ पावलांवर उभा असतो. लांबून पाहणाऱ्याला मी धुराडे असलेली पत्र्याची खोलीच वाटतो. माझ्या पोटात लाकडे जळतात आणि पोटाभोवती पाणी असते. ते पाणी तापते, जमिनीखालच्या नळांतून घरात जाते, खोल्या उबदार करते आणि निवून माझ्याकडे परत येते. घरात ऊब किती आहे, हे त्या परतलेल्या पाण्यावरून मला कळते.

दोन भावांनी मला आपल्या शेडमध्ये जोडून तयार केले. धाकट्याने शेवटचा सांधा जोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा आपल्यापेक्षा जास्त जगेल." मग ट्रकवर चढून मी अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी, तौनो आणि त्याची बायको सायमा यांच्या घरी आलो. त्याला सव्वीस हिवाळे झाले. मेपलची आणि भूर्जाची किती लाकडे खाल्ली, याची गणती नाही. बर्फ माणसाच्या छातीपर्यंत साचायचा, पण माझ्याभोवती मात्र ओली, काळी माती दिसायची. शेजारी म्हणायचे, "तौनो, तुझ्या घरी जानेवारीतही जून असतो बघ!" तेव्हा मला फार बरे वाटे.

मी किती तापायचे, हे माझा एक सोबती ठरवत असे. लहानसा, करड्या रंगाचा नियंत्रक होता तो. त्याचे उष्णता मोजणारे तांब्याचे बोट माझ्या पाण्यात शिरलेल्या एका नळीत खोल बसलेले असे. पाणी निवले की तो पंखा चालू करी आणि आग भडके. पाणी तापले की पंखा बंद, आणि आग पेंगू लागे. आमच्याकडच्या मापात पाणी दोनशे बाराला उकळते. तो मला एकशेऐंशीच्या आसपास ठेवी.

गेल्या ऑक्टोबरात तो थकला. पंखा बंद करायचे विसरला. माझे पाणी उकळले आणि डोक्यातून वाफेचा फवारा उडाला. नेमकी त्याच दिवशी तौनोची मुलगी कारिना आली होती. ती जवळच्या हॅनकॉक गावातल्या शाळेतले बॉयलर सांभाळते.

"बाबा, गेल्या हिवाळ्यात तुम्हाला न्यूमोनिया झाला होता," ती म्हणाली. "या खेपेला घर गार पडलं तर मी काही ऐकायची नाही. घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं."

"आणि ह्याचं काय?" तौनोने माझ्याकडे बोट दाखवले.

"भंगारात."

मला त्या दिवशी पहिल्यांदा आपले वय जाणवले.

तौनोने टपालाने नवा नियंत्रक मागवला. लाल आकडे दाखवणारी ती एक चपटी पेटी होती. कारिना म्हणाली, "मी येऊन बसवते." तौनो फोनवर हसला. "दोन तारा आणि चार स्क्रू! तुझ्या बापानं अख्खा ट्रॅक्टर उघडून जोडलाय."

त्याने पेटी माझ्या कपाळावर, उंच बसवली. जुन्याचे तांब्याचे बोट गंजलेल्या नळीत अडकले होते, ते काही निघेना. नव्याची तार तिथपर्यंत पोचतही नव्हती. मग तौनोने नवे बोट धुराड्याखालच्या पत्र्यावर ठेवले आणि वरून पट्टी आवळली. "आतून काय नि बाहेरून काय, लोखंड तेच," असे तो पुटपुटला.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला. लाकूड पेटले की धुराड्याखालचा पत्रा चटकन तापे. लगेच पेटी म्हणे, एकशेऐंशी! पंखा बंद होई. माझे पाणी मात्र कोमटच राही. मित्रांनो, आपल्याला हुडहुडी भरलेली असावी आणि कपाळावर कोणी 'ताप आहे' असे लिहून ठेवावे, म्हणजे काय होईल? मी विचार करी, पेटी नवी आहे, शिकलेली आहे. मीच म्हातारा झालो असेन. कदाचित यालाच गरम म्हणत असतील.

माणसांचे वागणे तर त्याहून न कळणारे. थंडी वाढत गेली तसे घरातून परतणारे पाणी दिवसेंदिवस गार होत होते, पण घरातले कोणीच काही बोलत नव्हते. तौनो मला लाकडे घालायला यायचा तो फुगत चालल्यासारखा दिसायचा. शनिवारी सौना पेटवायचा, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा रिवाज. त्या गरम खोलीत बसून घाम काढायचा. जानेवारीत सौना मंगळवारीही पेटू लागला, मग गुरुवारीही. रोज सकाळी कारिनाचा फोन येई. तौनो माझ्याजवळ उभा राहून उत्तर देई.

"हो. उबदार आहे. हो, आईही बरी आहे. एकशेऐंशी, समोर दिसतंय मला."

मग फेब्रुवारीतल्या एका दुपारी सायमा अंगणात आली. तिच्या हातात परात होती. तिने ती तौनोच्या नाकाखाली धरली.

"हे बघ."

"काय बघू? पीठ आहे."

"वेलदोड्याच्या पावाचं पीठ आहे. सकाळी सातला मळलं, आता बारा वाजले. जिथल्या तिथे."

"यीस्ट जुनं असेल."

"यीस्ट नवं आहे. म्हातारा जुना आहे."

तौनोने पिठात बोट दाबून पाहिले. मग हळूच म्हणाला, "तुला थंडी वाजते का?"

"मी कुठे म्हटलं? पिठाला वाजते."

तौनोने हातमोजा काढला आणि घराकडे जाणाऱ्या माझ्या नळावर हात टेकवला. एकशेऐंशीच्या नळावर हात ठेवला तर चटका बसून तो झटक्यात मागे यायला हवा. त्याचा हात तिथेच राहिला. त्याने वर लाल आकड्याकडे पाहिले, मग हाताकडे, मग पुन्हा आकड्याकडे.

"सायमा, तू स्वेटर किती घातलेस?"

"तीन. तू?"

"चार."

"आणि मला सांगत होतास, उकडतंय म्हणून!"

तौनोने तेल आणि पक्कड आणून खूप खटपट केली, पण त्याची बोटे गारठली होती. जुने बोट नळीतून हलेना. शेवटी त्याने पक्कड खाली ठेवली.

"फोन कर तिला," सायमा म्हणाली.

"आणि काय सांगू? कुलूप घेऊन ये म्हणून?"

"पीठ फुगत नाही म्हण."

तौनोने फोन लावला. मग म्हणाला, "कारिना, घर गार आहे. महिनाभर गारच आहे." मला वाटले, झाले, आता भंगार.

कारिना तासाभरात आली. तिने नळीत तेल सोडले, थांबली, हातोडीने हलके टोले दिले, पुन्हा थांबली. मग एक हिसका दिला आणि माझ्या जुन्या सोबत्याचे बोट बाहेर आले. तिने पेटी माझ्या कपाळावरून काढून कमरेला लावली. आता तार पुरली. नवे बोट नळीत खोलवर गेले. पेटीवर आकडा उमटला : एकशेअठरा. किती खरा वाटला तो!

"पण बाबा, पेटी एवढ्या उंचावर लावायचं सुचलं तरी कसं?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसावी म्हणून," तौनो खाली पाहत म्हणाला. "तुझ्या आईला घोर नको."

सायमाने परात खाली ठेवली. "मी रोज बघायचे तो आकडा. मला वाटायचं, घर गरमच आहे, माझंच रक्त गार पडलंय."

"मलाही तेच वाटायचं," तौनो म्हणाला.

मीही तेच म्हणालो असतो, पण बॉयलरला कोण विचारतो?

पंखा सुरू झाला. आग भडकली. कारिनाने हत्यारे पुसून पिशवीत भरली.

"मग?" तौनोने विचारले. "सामान बांधायचं?"

"महिनाभर मी रोज विचारलं, आणि रोज तुम्ही 'उबदार आहे' म्हणालात," ती म्हणाली. "आज 'गार आहे' म्हणालात. आता तुमच्या शब्दावर मला विसंबता येईल. राहा इथेच. पण उद्या फोनवर खरं सांगायचं, कितीही वाईट असलं तरी."

"बरं," तौनो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "माझा गुडघाही दुखतोय."

"माहीत आहे मला," सायमा म्हणाली.

मित्रांनो, आग आणि पाणी मला समजतात. माणसे मला अजून नीट समजलेली नाहीत. ती थंडीने कुडकुडतात आणि एकमेकांना काळजी नको म्हणून 'बरे आहे' म्हणतात. यात शहाणपण किती आणि वेडेपणा किती, हे मला सांगता येणार नाही. पण माझ्यासारखे जुने यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याची राख काढा, गंज खरवडा, आणि आकडा काहीही म्हणो, अधूनमधून त्याच्या अंगालाही हात लावून बघा. आणि घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांना थंडी वाजते का, असे नुसते लांबून विचारू नका. ती 'नाही' म्हणतील. जवळ जा आणि त्यांचा हात हातात घ्या.