दोरीवरचे ऊन

मी एक जुनी कापसाची रजई आहे, मित्रांनो, आणि सध्या माझे डोके फिरले आहे. रजईला डोके नसते हे मलाही कळते. तरी फिरले आहे.

हनान प्रांतातल्या एका खेड्यात माझा जन्म झाला. पिंजाऱ्याने घरचाच कापूस पिंजला, वर लाल दोऱ्याची जाळी घातली आणि लानझीच्या आईने खोळ चढवली. लानझी बीजिंगला कामाला निघाली होती. "शहरात सगळं मिळतं गं, पण ऊब घरची न्यावी," असे म्हणत आईने मला तिच्या पाठीवर बांधले. गाडीत लोक नाके मुरडत होते. मी मात्र ऐटीत होते.

आमचे बिऱ्हाड एका मोठ्या इमारतीच्या तळघरात आहे. भिंतींना सदा ओल, म्हणून मी ओलसर, म्हणून लानझीला खोकला. दिवसभर ती कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकांची डोकी धुते. आमच्याच इमारतीत वर राहणाऱ्या फांगबाई तर तिच्याशिवाय कुणाला डोक्याला हात लावू देत नाहीत.

हिवाळ्यात एकदा लख्ख ऊन पडले. आवारातल्या दोरीवर रजयांची रांग लागली. लानझीने मलाही तिथे वाळत घातले. मी छान फुगले. दुपारी ती मला उलटवायला आली आणि तिथेच घात झाला. आमच्या गावी आपली रजई उलटवताना शेजारणीचीही उलटवतात, काठीने दोन दणके देऊन धूळ झाडतात. तसे न करणारीला माणूसघाणी म्हणतात. लानझीने शेजारची गुलाबी रजई उलटवली, दोन दणके दिले आणि ती कामावर गेली.

"माझ्या रजईला हात कुणी लावला?" फांगबाई तरातरा खाली आल्या.

"तळघरातल्या पोरीनं असेल, बाई. ही कळकट रजई तिचीच," पहारेकरी म्हणाला.

"काढ ती आधी! आज दोरी दिली तर उद्या घरात शिरतील."

पहारेकरी स्वतः खेड्यातून आलेला. पण त्याने मला ओढले आणि नळाजवळच्या ओल्या फरशीवर टाकले. मी चिंब भिजले. त्या रात्री लानझी कोट पांघरून खोकत पडली.

दुसऱ्या दिवशी सलूनच्या मालकिणीने मला बंबाजवळ पसरू दिले. थोड्या वेळाने फांगबाई आल्या आणि मान मागे टाकून डोळे मिटून बसल्या.

"काय सांगू लान, काल तळघरातल्या कुण्या पोरीनं माझी रजई हाताळली. खोळ धुवायला टाकावी लागली. कसले हात असतील, कुणास ठाऊक!"

केस चोळणारे लानझीचे हात थांबले. "माझेच हात होते, मावशी. दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून उलटवली. आमच्याकडे सगळ्यांच्याच उलटवतात."

फांगबाईंनी डोळे उघडले. डोके मात्र काढून घेतले नाही. केसांत फेस होता ना! "अगं, तुझी गोष्ट वेगळी. तू तर आपली," त्या घाईघाईने म्हणाल्या.

"मग उद्या तुमच्याशेजारी वाळत घालू?"

फांगबाईंनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पाणी जरा गार वाटतंय गं."

लानझीने पाणी गरम केले. मी नुसती धुमसत राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, फाटलो तर टाके घाला. मला तुमचे टाके नकोत. माझी पोर खोकते आहे. तुमची रजई जरा हातभर सरकवा.