चौथा चौकोन

मोबाइलच्या पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग फावड्याचा दांडा, मग मास्तरांच्या नाकाचा शेंडा आणि त्यानंतर बराच वेळ नुसता अंगठा.

“बाबा, अंगठा काढा. मला काही दिसत नाहीये.”

“मला दिसतंय ना सगळं,” अंगठ्यामागून मास्तर म्हणाले. “सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून करायची तेवढं सांग.”

सूनबाईने पाठीमागची उशी सारखी केली आणि कोपरा सांगितला. तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. ती बर्फाची अभ्यासक होती. बर्फ किती पडतो, किती टिकतो आणि त्याच्या पांघरुणाखाली जमिनीचं काय चालतं, हे पाहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ज्या उतारावरून धडधाकट माणसं बसून घसरत खाली येत, तो ती पाठीवर यंत्रं घेऊन शीळ घालत चढायची. आणि शेवटी पडली कुठे, तर घराच्या पायरीवर, दुधाची बाटली आत घेताना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अभ्यासकेंद्राच्या प्रमुखांनी भेटीला येऊन प्लास्टरवर त्या पायरीचं चित्र काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘अतिदुर्गम भाग’.

पडायची वेळही नेमकी होती. केंद्रामागच्या मोकळ्या जागेत तिने सहा चौकोन आखले होते, एकेक जेमतेम पलंगाएवढा. तिनांवर बर्फ पडेल तसा राहू द्यायचा आणि उरलेल्या तिनांवरचा दर वेळी हलक्या हाताने काढून टाकायचा. बर्फ स्वतः थंड असला तरी जमिनीला तो ऊबच देतो, वरचा गारठा खाली पोचू देत नाही. उद्या हिवाळे बिनबर्फाचे होत गेले तर उघड्या पडलेल्या जमिनीत गवताच्या मुळांचं काय होणार, हा तिचा प्रश्न होता. मातीत पुरलेले सेन्सर तिथलं तापमान घरच्या संगणकावर पाठवत, आणि वसंतात माती उकरून किती मुळं जगली ते पाहायचं. पण काढायचा बर्फ चार दिवस जरी तसाच राहिला, तरी जमीन ऊब धरणार आणि अख्खा हिवाळा वाया जाणार.

मदतनीस मुलगी बाळंतपणाला गेलेली. नवरा लांब कुठेतरी बोगद्याच्या कामावर, महिन्या-दीड महिन्याने घरी येणारा. सुनेचा पाय मोडला म्हणून धावून आले ते सासरे. ते जन्माचे शिंपी. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि घरातही तेच नाव रुळलं होतं. बर्फ काढायला माणूस नाही, हे कानावर पडलं मात्र, त्यांनी टोपी चढवली. दिवसभर सुनेला औषधाची आठवण करत बसण्यापेक्षा हे बरं होतं. पडत्या फळाची आज्ञा.

“काठ वाकडा आहे,” फोनमधून आवाज आला. मग फोन बर्फात उभा खोचला गेला आणि सूनबाईला दिसलं, की मास्तर खिशातून दोरा काढून दोन खुंट्यांना बांधतायत. त्या दिवशी चौकोन असा निघाला, की त्यावर इस्त्री फिरवल्यासारखं वाटावं. तिला स्वतःला इतका सरळ काठ कधी जमला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही नव्हती.

आल्या दिवशीच मास्तरांनी सांगून टाकलं होतं, प्लास्टर उतरलं की मी निघालो. निघून जायचं कुठे, तर रस्त्यालगतचं बंद दुकान आणि मागच्या दोन खोल्या. सासूबाई गेल्यापासून तिथे ते एकटेच असत. शिलाईच्या मशीनवर चादर टाकलेली. मुलाने कितीदा सांगितलं, मशीन घेऊन इकडेच या. मास्तर म्हणत, पाहुणा कधी मशीन घेऊन येतो का?

नवऱ्याने लग्नानंतर सांगितलेली एक गोष्ट सूनबाईला आठवायची. बाबा कुठल्याही नव्या जागी राहायला गेले की पाणी बघत नाहीत, दाराची कडी बघत नाहीत, खिडकीशी उभे राहून पहिलं विचारतात, इथे उजेड किती वाजेपर्यंत असतो? कारण मशीन तिथे मांडायचं. या घरात ते किती वेळा येऊन गेले, पण खिडकीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि तिला तर ते हवे होते. उपकार म्हणून नाही, कर्तव्य म्हणून नाही. ते आले की घर बोलायला लागे आणि ती एकटी असताना विसरून गेलेले विनोद तिला आठवत. पण ‘राहा ना’ म्हटलं की ते ‘बघू’ म्हणत, आणि मास्तरांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं.

हिवाळा मुरत गेला तसे संगणकावरचे आलेख शहाण्यासारखे वागू लागले. झाकलेले चौकोन शून्याच्या आसपास निवांत पडून होते, उघडे गारठत चालले होते. संध्याकाळी चहाच्या वेळी ती मास्तरांना आलेख दाखवायची. मास्तर मान डोलवायचे आणि म्हणायचे, थोडक्यात काय, अंगावर कापड नसलं की हुडहुडी भरते. एवढ्यासाठी एवढी यंत्रं?

तिने त्यांना प्रमुखांची गोष्टही सांगितली होती. गेल्या वर्षी तिने भर बैठकीत सांगितलं, की उघड्या चौकोनांमधली मुळं मोठ्या प्रमाणात मेली. सगळे गंभीर झाले. तेवढ्यात प्रमुखांनी चष्मा पुसत विचारलं, बाई, मुळं थंडीने मेली की तुमच्या फावड्याने? सगळे हसले, तीही हसली. पण त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो बुटातल्या खड्यासारखा तेव्हापासून टोचत होता.

मग एका आठवड्यात चौथा चौकोन बिनसला. चौथा उघड्यांपैकी, पण वागायला लागला झाकलेल्यांसारखा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि खाली हा पठ्ठ्या उबेत.

“बाबा, चौथ्यावरचा बर्फ नीट काढलात ना?”

“कणसुद्धा ठेवलेला नाही,” मास्तर म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

म्हणजे सेन्सर बिघडला. तिने कपाटातला नवा सेन्सर दिला आणि कसा बसवायचा ते दोनदा समजावलं. मास्तरांनी तो निमूट बसवला. नवा सेन्सरही तेच सांगू लागला. तिने यंत्र बनवणाऱ्यांना फोन लावला, त्यांच्याशी तावातावाने भांडली, तारांना दोष दिला, मातीला दिला. त्या सगळ्या वेळात मास्तर पलीकडे बसून केव्हाच निवलेल्या चहावर फुंकर मारत होते. चोराच्या मनात चांदणं, पण ते बघायला तिला सवड कुठे होती? मास्तर हल्ली आपला जाडजूड कोट सोडून मुलाचं जुनं जाकीट घालून जातात, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं होतं. विचारलं तर म्हणाले, जड होतो.

प्लास्टर उतरलं त्या दिवशी डॉक्टरांनी अभिनंदन केलं आणि सूनबाईला काही आनंद झाला नाही. घरी येऊन पाहते तर मास्तरांची बॅग भरून दाराशी उभी. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती.

“निघायच्या आधी चौकोन तरी दाखवा,” ती सकाळी म्हणाली. “इतके दिवस तुमचा अंगठाच बघितलाय.”

काठी टेकत ती पुढे चालू लागली. एरवी तरातरा चालणारे मास्तर मागे मागे राहू लागले. त्यांना एकाएकी ढगांबद्दल, केंद्राच्या छपराबद्दल, काठीच्या मुठीबद्दल फार बोलावंसं वाटू लागलं. शेवटच्या वळणावर ते म्हणाले की आज वारा बोचतोय, परत फिरू या. ती फिरली नाही.

पहिले तीन चौकोन बघून तिला अभिमान वाटला. चौथ्यापाशी ती थांबली. चौथ्या चौकोनाने कोट घातला होता.

राखाडी जाड कापड, जुन्या कांबळ्याचा जोड, आत यंत्रांच्या खोक्यांमधला स्पंज भरून उभे-आडवे धावदोरे. काठाला चहूबाजूंनी पट्टी लावून ती खुंट्यांना ताणलेली, कुठे एक सुरकुती नाही. वर बर्फाचा कण नाही. सेन्सरची तार मधोमध एका काजातून बाहेर आली होती. ते काज तिच्या ओळखीचं होतं. कोटाचं वरून दुसरं.

“बाबा, हे काय आहे?”

मास्तर उकिडवे बसले आणि त्यांनी कापडाचा एक कोपरा उचलला. खाली गवतात बोटभर उंचीचं एक रोपटं होतं, आजूबाजूच्या उंच झाडांचंच पोर, चार हिरव्या काड्या आणि वर एक कोंब.

“बर्फ काढला तर खाली हे. वाऱ्यानं नुसतं लटलट कापत होतं. तू म्हणालीस, बर्फ ठेवायचा नाही. बर्फ मी ठेवलेला नाही.”

“मग तेवढ्यापुरतं झाकायचं.”

“तेवढंच झाकलं तर चारी बाजूंनी वारा शिरतो. आयुष्यभर लोकांना झाकत आलो, एवढंही कळत नाही होय मला?”

“आणि सेन्सर बदलला तेव्हा? मी त्या लोकांशी भांडत होते तेव्हा?” तिचा आवाज चढला होता. “तेव्हा का नाही बोललात?”

मास्तरांनी टोपी काढून परत घातली.

“तुला सांगितलं असतं, तर तू हे काढायला लावलं असतंस.”

लावलंच असतं. ती जवळच्या उपड्या खोक्यावर बसली. तिला खरंच राग आला होता. तीन उघड्या चौकोनांतला एक हातचा गेला होता आणि आता प्रमुखांना कारण कळवावं लागणार होतं. काय कळवायचं? माझ्या सासऱ्यांनी चौकोनाला कोट शिवला. हे वाक्य तिने मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं, परत एकदा म्हणून पाहिलं, आणि मग ती असं हसू लागली की काठी हातातून निसटली. मास्तर आधी घाबरले आणि मग काही न समजता तेही हसू लागले.

हसता हसता तिची नजर उचललेल्या कोपऱ्याखालच्या मातीवर गेली. वाकून तिने हातमोजा काढला आणि हात कापडाखाली घातला. शेजारचा उघडा चौकोन दगडासारखा होता. इथली माती बोटाने दबत होती. फावडं या चौकोनावरही दर वेळी फिरलं होतं. थंडी मात्र आत शिरली नव्हती. वसंतात इथली मुळं जिवंत निघाली, तर फावडं निर्दोष आणि थंडीच गुन्हेगार. बुटातला खडा इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हलला.

“अस्तराची जाडी सगळीकडे सारखी आहे?” तिने विचारलं.

“म्हणजे काय?” मास्तर दुखावले.

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. प्रमुखांचा तो प्रश्न, आणि हा चौकोन त्याला काय उत्तर देऊ शकेल ते. पण एका चौकोनाने काही सिद्ध होत नाही, आणि हा तर हिवाळ्याच्या मध्यावर झाकलेला. म्हणून असे तीन हवेत, एकाच कापडाचे, एकाच जाडीचे, पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडायच्या आत तयार.

मास्तरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. गिऱ्हाईक मापाबद्दल खोटं बोलत असलं की ते असंच पाहत.

“माझं मन राखायला म्हणतेस.”

“मन राखायला मी चहा करते, बाबा. चौकोन नाही देत. आणि यंदाचा चौथा तुम्ही बिघडवलात, हे मी प्रमुखांना कळवणार आहे. तुमच्या नावासकट.”

हे ऐकून मास्तर एकदम निश्चिंत झाल्यासारखे दिसले. त्यांनी कोपरा परत खाली दाबला, खुंटी ठाकून बसवली आणि तळहाताने कापड सारखं केलं.

“तीन म्हणजे,” ते म्हणाले, “हातानं व्हायचे नाहीत.”

जिभेच्या टोकावर आलेला शब्द सूनबाईने गिळला. वाटेत ती ढगांबद्दल बोलली, छपराबद्दल बोलली. यावेळी मास्तरांचंच लक्ष नव्हतं. ते बोटांवर काहीतरी मोजत, पुटपुटत चालले होते.

घरी आल्यावर ती काठी टेकत चहा करायला गेली. बॅग दाराशी तशीच होती. गाडीला अजून अवकाश होता आणि बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. एकदा खुर्ची सरकवल्यासारखं वाटलं, तेवढंच. काठी तिथेच सोडून, दोन कप घेऊन ती हळूहळू बाहेर आली.

मास्तरांनी खिडकीखालची खुर्ची आणि कुंडी बाजूला केली होती. मोकळ्या झालेल्या जागेत ते उभे होते, उजवा हात उन्हात पसरून, तळवा वर, खाली, परत वर करून बघत.

“अगं,” मागे न वळता ते म्हणाले, “इथे उजेड किती वाजेपर्यंत असतो?”

सूनबाईने दोन्ही कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. एक जरासा सांडला.

“हिवाळ्यात चारपर्यंत,” ती म्हणाली. “उन्हाळ्यातलं तुम्हीच बघा.”