आखूड पायाचा ठेका

मित्रांनो, कोपऱ्यात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग डोक्यावर घेऊन उभे असलेले हे जुने धुलाई मशीन म्हणजे मी. जरा वाकून खाली बघा. माझा एक पाय आखूड आहे. त्याला नावे ठेवण्याआधी माझी गोष्ट ऐका, कारण तुम्ही येताजाता जे गाणे गुणगुणता, ते त्याच पायावर उभे आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारही पायांनी धडधाकट होते. या लॉन्ड्रीत आणताना हमालांनी मला पायरीवर दाणकन टेकवले आणि एक पाय वाकून आखूड झाला. तेव्हापासून कपडे पिळायला लागले की मी डुलायचे आणि फरशीवर आवाज व्हायचा, धुम् तक, धुम् तक. गिऱ्हाइके विचारायची, "अहो बाई, हे मशीन आहे की घोडा?" मालकीणबाई हसून म्हणायच्या, "नाचरं आहे थोडं, पण कामाला वाघ आहे." हे ऐकून मला फार बरे वाटायचे.

मालकीणबाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, बस चालवायचे. प्रवाशांशी बोलायचे, सिग्नलशी भांडायचे, घरी आले की माझ्याशीसुद्धा गप्पा मारायचे. त्यांची मुलगी त्यांच्यावरच गेली होती. तिची अखंड बडबड ऐकून तिचे नावच टकळी पडले होते. टकळी गाण्याच्या क्लासला जायची आणि शिकलेले सगळे लॉन्ड्रीत येऊन आमच्यावर ओतायची.

एका सकाळी काका चहाचा कप हातात धरूनच खुर्चीत कलंडले. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ मुकी झाली होती. आत सगळे समजत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. मालकीणबाईंनी त्यांची खाट लॉन्ड्रीतच, माझ्या शेजारी टाकली, म्हणजे कामही होईल आणि त्यांच्याकडे लक्षही राहील. टकळीचा क्लास सुटला. तिने इस्त्री हातात घेतली.

दवाखान्यातल्या बाईंनी बोलण्याच्या सरावासाठी चित्रे दिली होती. टकळी पाण्याच्या पेल्याचे चित्र दाखवायची आणि म्हणायची, "बाबा, म्हणा ना, पाणी." काका तोंड उघडायचे, लालबुंद व्हायचे आणि चित्र भिरकावून द्यायचे. मग टकळी ते मुकाट्याने उचलून आणायची. एवढी बोलकी माणसे, आणि खोलीत फक्त माझाच आवाज. मला त्या आवाजाची लाज वाटू लागली.

एके दुपारी मी चादरी पिळत होते. टकळी इस्त्री करता करता माझ्या ठेक्यावर सहज गाऊ लागली.

"पाणी हवं का, ऊन हवं का, दार उघडू का..."

आणि ठेका पडला तिथेच खाटेवरून आवाज आला, "ज...रा."

टकळी जागच्या जागी थिजली. तिच्या हाताखाली गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. जळका वास आला तशा मालकीणबाई ओरडतच धावल्या, "अगं, लक्ष कुठं आहे तुझं?"

"आई, गप्प! बाबा बोलले!"

तिने पुन्हा गायले आणि काका पुन्हा म्हणाले, "जरा." मालकीणबाई मळक्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. मी मात्र थांबले नाही. थांबायची माझी हिंमतच नव्हती.

त्या दिवसापासून तेच आमचे औषध झाले. मी ठेका धरायचा, टकळीने विचारायचे, काकांनी "जरा" म्हणायचे. खिडकी उघडू का, उशी लावू का, आईला चिडवू का? जरा! कपडे न्यायला आलेली माणसेही टाळ्या वाजवत थांबू लागली. कोणीतरी ते मोबाईलवर टिपले, आणि बघता बघता ते गावभर झाले.

मग एक संगीतकार आले आणि टकळीला व काकांना स्टुडिओत घेऊन गेले. तिथे महागडे ड्रम होते, पण काकांची जीभ हलेना. संगीतकार म्हणाले, "तो एक शब्द दुसऱ्या कुणाकडून घेऊ."

"तो शब्द बाबांचा आहे," टकळी म्हणाली. "ते नसतील तर गाणंही नाही." एवढी मोठी संधी ती एका शब्दासाठी सोडायला निघाली. शेवटी संगीतकारच माइक घेऊन लॉन्ड्रीत यायला तयार झाले.

आणि इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. मालकीणबाईंचा भाऊ मिस्तरी. त्याला सगळे दादा म्हणतात. सैल स्क्रू दिसला की दादाचे हात शिवशिवतात. मोठी माणसे येणार, त्यांच्यापुढे बहिणीची शोभा नको, म्हणून तो सकाळीच आला. त्याने मला पुसले, तेल घातले आणि नवा कोरा पाय बसवला. मालकीणबाईंनीही कौतुक केले. माइक लागले, बटण दाबले, आणि मी मांजरासारखे गुरगुरत राहिले. धुम् नाही की तक नाही.

टकळी गायली, "दार उघडू का..." काकांचे ओठ थरथरले. शब्द आला नाही. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला माझ्या नव्या पायाचा राग आला.

"दादा, काय करून ठेवलंस रे हे?" मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, पाहुणे यायचे म्हणून आवाज घालवला," दादाचा चेहरा एवढासा झाला. "मला काय माहीत, तोच हवाय!"

नशीब, मिस्तरी माणूस काही टाकून देत नाही. माझा वाकडा पाय दादाच्या खिशातच होता. त्याने घाम पुसत तो परत बसवला. धुम् तक, धुम् तक! टकळीने विचारले आणि काकांनी असा खणखणीत "जरा" दिला, की संगीतकारही हसले. गाणे संपले. मी थांबले. माइक अजून चालूच होते. दादा मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिले आणि ते कसल्याही ठेक्याशिवाय, हळूच म्हणाले, "दादा... चहा?"

संगीतकारांनी ते तसेच ठेवले. म्हणून ते गाणे "दादा, चहा?" वर संपते, आणि म्हणूनच तुम्ही सगळे शेवटी ते ओरडता.

गाणे सगळीकडे वाजले. लोक माझ्याबरोबर फोटो काढून गेले. नंतर नवे मशीन आले, मुळीच आवाज न करणारे, आणि मी कोपऱ्यात सरकले. टकळी आता गावोगाव गाते. काका काठी टेकत चालतात, गिऱ्हाइकांशी हुज्जतही घालतात. फक्त रागावले की त्यांचे शब्द अजून अडकतात.

परवा भंगारवाला मला न्यायला आला. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, जागा अडते, देऊन टाकू." काका लाल झाले. तोंड उघडले, शब्द अडकला. मग ते माझ्याजवळ आले आणि डाव्या हाताने माझ्या झाकणावर वाजवू लागले, धुम् तक, धुम् तक.

"हे... नाही... द्यायचं."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने काही खडखडत असेल, तर जरूर दुरुस्त करा. पण त्याआधी थोडे थांबून ऐका. त्या आवाजाचा आधार घेऊन घरातले कोणीतरी बोलत असेल.